व्हर्नियरकाका

भोसरीपासून महाळुंग्यापर्यंतच्या प्रत्येक सोसायटीत क्वालिटी डिपार्टमेंटमधून रिटायर झालेले एक तरी काका असतातच. प्रॉडक्शनवाला रिटायर झाला की गावाकडं घर बांधतो, मेंटेनन्सवाला हार्डवेअरचं दुकान टाकतो, परचेसवाल्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही. क्वालिटीवाला मात्र रिटायर होतच नाही. कंपनी त्याला शाल-श्रीफळ देऊन गेटबाहेर सोडते, आणि केवळ गेटबाहेर असल्यामुळं आजवर तपासणीतून सुटलेलं सगळं जग त्याच्या तावडीत सापडतं.

आमचे व्हर्नियरकाका या जातीचे. चाकण-तळेगाव रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलं आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. तिथून त्यांनी दोनच गोष्टी घरी आणल्या: उजव्या डोळ्यानं बारीक बघायची सवय आणि शर्टाच्या खिशातून डोकावणारा व्हर्नियर कॅलिपर. त्यावर कॅलिब्रेशनचा स्टिकर आहे आणि मुदत संपायच्या आत काका तो पदरच्या पैशानं तपासून आणतात. स्वतःला तपासून घ्यायला मात्र काकूंना त्यांना ओढत न्यावं लागतं. तिथंही ते डॉक्टरांना "या बीपीच्या मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दाखवा," म्हणतात आणि मग डॉक्टरांचाच रक्तदाब वाढतो.

भाजीवाल्यानं दिलेली गवार, लिफ्टच्या दारातली फट, गणपतीतले मोदक, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. गेल्या गणपतीत त्यांनी शेजारच्या वहिनींच्या मोदकाला पूर्ण गुण दिले आणि वर म्हणाले, "पण रिपीटॅबिलिटी नाही." वहिनींनी पुढचा मोदक त्यांच्या ताटात वाढला नाही. काकांनी त्याचीही नोंद केली असणार.

असा माणूस कॅक्टसच्या नादी लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो लागला टँकरमुळं. उन्हाळ्यात चाकणच्या सोसायट्यांत पाण्याचा हिशेब बादलीनं होतो. गच्चीवरच्या गुलाबांवर बैठकीत टीका झाली, तेव्हा काकांनी गुलाब वाटून टाकले आणि कॅक्टस आणले. "लो मेंटेनन्स असेट," असं त्यांनी काकूंना सांगितलं. काकूंनी "तुमच्यासारखं नाही मग," एवढंच म्हटलं.

गच्चीवर पिवळ्या पट्ट्या मारल्या गेल्या, पट्टीच्या आत कुंड्या आल्या, प्रत्येक कुंडीला नंबर आला. झारी कुठं टांगायची तिथं भिंतीवर झारीची आकृती काढलेली आहे. झारी जागेवर नसली की आकृती दिसते आणि आकृती दिसली की काका वॉचमनला वर बोलावतात. नवीन झाड आलं की त्याचं इनवर्ड इन्स्पेक्शन होतं. एका शेजाऱ्यानं कौतुकानं त्रिधारी निवडुंगाची फांदी आणून दिली. काकांनी नखानं ओरखडा काढला, पांढरा चीक आला. "नो गो!" म्हणत त्यांनी फांदी परत केली. मग शेजाऱ्याला जिन्यात उभं करून समजावलं, की आपल्या डोंगरातला हा चीकवाला निवडुंग एरंडाच्या खानदानातला, त्याचा कॅक्टसशी संबंध नाही. कॅक्टसचं जवळपास सगळं घराणं अमेरिका खंडातलं. आपल्याकडं बांधाबांधावर दिसणारा फड्या निवडुंगसुद्धा तिकडूनच आलेला. शेजारी फांदी घेऊन मुकाट्यानं खाली गेले. हल्ली ते काकांना काही देत नाहीत.

फड्या निवडुंग काकांनी खराबवाडीकडून आणला. गोदामासाठी जमीन सपाट करणाऱ्या जेसीबीपुढं आडवं होऊन त्यांनी दोन फडे वाचवले. त्यापायी हाताला लागलेली बारीक कुसं काकू आठवडाभर चिमट्यानं काढत होत्या.

काकांची कीर्ती झाली ती ब्रह्मकमळानं. आपल्या घराघरांत पूजलं जाणारं हे ब्रह्मकमळ म्हणजे मेक्सिकोकडचा एक कॅक्टसच. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते उत्तराखंडाचं राज्यफूल. काकांनी हे आरतीच्या वेळी सांगितलं, त्यामुळं आरती थोडी थांबली. पण त्याआधीची पूर्वतयारी बघण्यासारखी होती. संध्याकाळी कळी फुगली, तसे काका स्टूल टाकून समोर बसले. हातात वही, खिशात व्हर्नियर. दर अर्ध्या तासानं माप. नऊला पाकळ्या सुटायला लागल्या, अकराला फूल ताटाएवढं झालं, वासानं जिना भरला. बायका हळदीकुंकू घेऊन वर आल्या, मुलं मोबाइल घेऊन आली, आणि त्या पांढऱ्या शुभ्र चमत्कारापुढं सगळे हात जोडून उभे असताना काका म्हणाले,

"आउटपुट चांगलं आहे. पण डिस्पॅच शून्य."

म्हणजे फळ धरत नाही. तिकडं रात्री लांब सोंडेचे मोठे पतंग येऊन परागीभवन करतात. इथं रात्रभर दुकान उघडं आणि गिऱ्हाईक नाही. "नाइट शिफ्टला मॅनपॉवरच दिलेली नाही," असं काका खेदानं म्हणाले. तेवढ्यात सेकंड शिफ्ट सुटून कंपनीच्या बसमधून उतरलेली तिसऱ्या मजल्यावरची पोरं डबे हातात घेऊनच वर आली. ही पोरं ठेकेदाराकडची. ठेकेदार बदलला की पोरं बदलतात, म्हणून काका त्यांना जिल्ह्यानं हाक मारतात: लातूर, वाशीम, बीड. "बीड, हात लावू नको," काका म्हणाले. "लावत नाय काका, वास घेतो नुस्ता," बीड म्हणाला.

आता मूळ मुद्दा. काकांची मुलगी अ‍ॅरिझोनात टुसॉनला असते. म्हणजे कॅक्टसच्या माहेरी. तिच्या अंगणात फड्या निवडुंगाची भावंडं आहेत आणि जवळच्या टेकड्यांवर दोन-तीन मजली उंचीचे सग्वारो. त्या सग्वारोचं फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतं. रात्रीला वटवाघळं, दिवसा होले आणि मधमाश्या. "बघा, दोन शिफ्ट फुल मॅनिंग," असं म्हणताना काकांचा आवाज भरून आला होता. नातवंडांबद्दल बोलताना तो एवढा भरत नाही.

अ‍ॅरिझोनाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं. तिथली सकाळ आणि फूल उमलायची वेळ म्हणजे इथं जेवणानंतर शतपावली करायची वेळ. काका रोज त्या वेळी व्हिडिओ कॉल लावतात. मुलगी नातवाला समोर धरते. "हं, मोठा झालाय. आता कॅमेरा फुलात ने," काका म्हणतात. जावई आयटीतला सभ्य माणूस. ऑफिसच्या मीटिंगआधी तो काट्यांत गुडघे टेकून फोन फुलाच्या आत धरतो. लग्नात त्याला घड्याळ दिलं होतं, त्याची तो आता पुरेपूर भरपाई करतो आहे.

अशाच एका कॉलवर काकांना दोष सापडला. पिवळ्याधमक फुलाच्या तळाशी, पुंकेसरांच्या गर्दीत, तीळभर आकाराचे तपकिरी किडे.

"फॉरेन पार्टिकल!" काका ओरडले. जावयाच्या हातून फोन निसटून काट्यांत पडला.

ते होते भुंगेरे. कार्पोफिलस नावाच्या वंशातले. या चिमुकल्यांचं कॅक्टसच्या फुलांशी काय नातं आहे यावर व्हर्न ग्रँट आणि वॉल्टर कॉनेल या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७९ साली निबंधच लिहिलेला आहे. मुलीनं बापाला माहिती पाठवली आणि काकांनी ती ड्रॉइंग वाचावं तशी लाल पेन घेऊन वाचली. फड्या निवडुंगाचं फूल तसं फार हुशार. त्याच्या पुंकेसरांना स्पर्श झाला की ते हळूहळू आत, मधल्या दांड्याकडं वाकतात. दांडगी मधमाशी आत घुसली की चहूबाजूंनी मिठी मारतात, माशी परागानं माखते आणि बाहेर पडताना मधल्या कुक्षीला घासते. काम फत्ते. भुंगेरा मात्र एवढासा. तो पुंकेसरांच्या बुडाशी उतरतो, तिथंच राहतो, तिथंच पराग खातो, तिथंच लग्न करतो. वर कुक्षीकडं सहसा फिरकतच नाही.

हे वाचून काकांना झोप आली नाही. पुंकेसरांचं वाकणं त्यांना इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या फड्या निवडुंगाला फूल येताच त्यांनी दातकोरणीनं ते वाकवून बघितलं, स्टॉपवॉच लावून. "काय सेन्सर बसवलाय!" असं ते म्हणाले. देवाबद्दल त्यांनी जाहीरपणे काढलेले हे पहिले चांगले उद्गार. पण त्याच फुलाच्या बुडाशी, भिंगातून पाहता, जवळपास तसलेच किडे बसलेले दिसले. आपल्याकडं या मंडळींना तोटा नाही. पिकून फुटलेल्या फळांत, साठवलेल्या सुक्या मेव्यात त्यांचे भाऊबंद सगळीकडं सापडतात. काकांचा चेहरा ऑडिटच्या दिवशी असतो तसा झाला.

त्या संध्याकाळी एट-डी रिपोर्ट लिहायला घेतला गेला. पहिला रकाना टीमचा. टीममध्ये काका, काकू (सही बळेच घेतली) आणि वॉचमन. समस्या: "फुलात अनधिकृत व्यक्ती." मग व्हाय-व्हाय. भुंगेरा फुलात का? पराग खायला. पराग का खातो? भूक लागते. भूक का लागते? इथं काकू म्हणाल्या, "तुम्हाला पण लागली असेल, पानं घेतलीयेत." मूळ कारणापर्यंत पोचायचं राहिलं. तरी जेवून आल्यावर काकांनी निकाल लिहिलाच: "भुंगेरा: उत्पादनात सहभाग नाही. कँटीनचा लाभ पूर्ण. ठेका रद्द करावा."

हा निकाल नोटीस बोर्डावर लागला, कारण काकांचं सगळंच तिथं लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी तो रात्री साडेबाराला उभ्यानं वाचला आणि काही वेळ कुणी बोललं नाही. मग लातूर म्हणाला, "ह्ये भुंगेऱ्याचंच हाय ना, काका?"

काकांचं वर्तन एकतर्फी होतं असं मात्र नाही. शहानिशा न करता त्यांनी जन्मात कधी रिजेक्शन दिलेलं नाही. उलट, चुकीचा माल आला की काय होतं याची त्यांची सर्वांत आवडती गोष्ट याच निवडुंगाची आहे आणि ती ते सोसायटीच्या वार्षिक सभेत, हिशेबाच्या विषयात, दर वर्षी सांगतात. मेक्सिकोत निवडुंगावर कोचिनील नावाचा एक पिठूळ किडा पोसतात. चिरडला की गर्द किरमिजी रंग. सोन्याच्या भावानं विकला जाणारा हा रंग स्पेनच्या मुठीत होता, म्हणून इंग्रजांचा जीव तळमळे. १७९५ साली नील्सन नावाच्या एका कप्तानानं ब्राझीलहून ते किडे कलकत्त्याला आणले. कंपनी सरकार खूश. आणि निघाली भलतीच जात! रंग हलका, पण भूक दांडगी. निवडुंगाचे ताटवेच्या ताटवे त्यांनी फस्त केले. "इनवर्डला कुणी बघितलंच नाही!" असं म्हणून काका टेबलावर हात आपटतात. पुढं याच भुकेचा उपयोग झाला, हे ते थोडं खालच्या आवाजात सांगतात: १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनीलची आणखी एक जात मुद्दाम आणली आणि रानं गिळत चाललेला निवडुंग दक्षिणेत तिनं आटोक्यात आणला. एवढं झालं की सेक्रेटरी पाणीपट्टीचा ठराव वाचून घेतात.

तर हाच कोचिनील उन्हाळ्यात काकांच्या फड्यांवर उगवला. कापसासारखे पांढरे पुंजके. काकांनी जुना टूथब्रश घेतला आणि पुंजके खरवडून लाल डब्यात टाकायला सुरुवात केली. बोटं किरमिजी, बनियन किरमिजी. काकूंनी बनियन दाराबाहेरच काढायला लावलं. पण त्या रंगानं काकांनी पुठ्ठ्यावर "रिजेक्ट" असं ठळक लिहून घेतलं. तो पुठ्ठा अजून डब्यावर आहे, आणि रंग खरंच उडालेला नाही. वेगळ्या जातीचा असूनही, हे त्यांनी कबूल केलं.

डबा अर्धा भरला तेव्हा आतला एक पांढरा पुंजका दुसऱ्या पुंजक्याला खाताना दिसला. काकांनी भिंग लावलं. तो कोचिनील नव्हताच. ती होती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी. हा ऑस्ट्रेलियातला भुंगेरा १८९८ साली कॉफीवरच्या किडींसाठी भारतात आणला गेला. आज द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर हाच सोडतात. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या लेऊन हुबेहूब आपल्या भक्ष्यासारखी दिसते, आणि शेतकऱ्यांच्या हातून कीड म्हणून चिरडली जाते. दक्षिण आफ्रिकेत निवडुंग मारायला कोचिनील सोडले, तर या पठ्ठ्यानं त्यांनाच खायला सुरुवात केली. थोडक्यात, निवडुंगाचा अंगरक्षक.

"ओके माल रेड बिनमध्ये!" काका मटकन स्टुलावर बसले. क्वालिटीवाल्याच्या आयुष्यात याहून मोठं पाप नाही. वाईट माल सुटला तर गिऱ्हाईक ओरडतं. चांगला माल बाद केला तर कुणालाच कळत नाही, आणि तेच फार लागतं. दिवेलागणीपर्यंत तो माणूस एका बारीक कुंचल्यानं लाल डब्यातून एकेक अळी उचलून परत फड्यावर ठेवत होता. मी चहा घेऊन वर गेलो, तर मला म्हणाले, "जरा उजेड धरा. आणि बोलू नका, सॉर्टिंग चालू आहे." काकांना हसणं आमच्या सोसायटीत सोपं आहे, मीही हसतो, पण आमच्यापैकी कुणी किड्याची माफी मागायला असा तीन तास ओणवा बसला नसता.

या प्रकरणानंतर भुंगेरा या जमातीबद्दल त्यांच्या मनात संशयाचा फायदा निर्माण झाला. आणि नेमका त्याच सुमारास बीड गावाकडच्या लग्नाहून परत आला. काकांनी त्याला फुलातले किडे भिंगातून दाखवले, म्हणाले, "हे बघ, फुकट खाणारे."

बीडनं बघितलं. "काका, ह्ये तर आमच्याकडं सीताफळाच्या फुलात असत्यात."

"तिथं काय करतात?"

"काय करत्यात म्हायती नाय. पर असत्यात. आमचा आजा म्हणायचा, त्येंना हाकलू नगा."

बालाघाटाच्या डोंगरात, धारूर-अंबाजोगाईकडं सीताफळाची रानंच्या रानं आहेत, त्यामुळं आज्याचं म्हणणं काकांनी ऐकीव पुरावा म्हणून नोंदवलं आणि रात्री मुलीला कामाला लावलं. सकाळी उत्तर हजर. सीताफळाचं फूल म्हणजे तीन जाड, हिरवट, खाली लोंबणाऱ्या पाकळ्या. उमललं तरी मिटल्यासारखंच. मधमाशीला आत शिरायला वाव नाही. ते आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, म्हणजे स्वतःचा पराग स्वतःच्या वेळेत मिळत नाही. त्याचा वास पिकल्या फळासारखा. त्या वासाला भुलून फटीतून आत शिरतात ते हेच चिमुकले भुंगेरे, कार्पोफिलस आणि मंडळी. एका फुलातून अंगाला पराग लावून दुसऱ्यात जातात. इस्राएलच्या बागांत १९८२ साली शास्त्रज्ञांनी हे नीट तपासून मांडलं आहे. सीताफळही मूळचं अमेरिकेचंच. म्हणजे झाड तिकडचं, कामगारही त्याच गोताचे.

काका पुष्कळ वेळ गप्प होते. मग नोटीस बोर्डावरचा रिपोर्ट काढून नेला आणि संध्याकाळी नवा लावला. रिव्हिजन दोन. "भुंगेरा: कॅक्टस लाइनवर सहभाग नगण्य. सीताफळ लाइनवर मुख्य ऑपरेटर. चूक कामगाराची नसून डिप्लॉयमेंटची." खाली टीममध्ये एक नवीन नाव होतं. जिल्हा नाही, नाव. आडनावासकट, इंग्रजी स्पेलिंग त्याला विचारून. पोरानं त्या कागदाचा फोटो काढून गावाकडं पाठवला.

ठेकेदार दिवाळीच्या आधी बदलला. पोरगा रांजणगावच्या कुठल्याशा कंपनीत लागला, पण जाण्याआधी गावाहून आणलेली सीताफळाची पाटी काकांकडं ठेवून गेला. काकांनी वर्तमानपत्र पसरलं, फळं ओळीत मांडली, व्हर्नियर काढला. बहुतेक फळं गोल आणि डोळ्यांनी भरलेली. तीन मात्र एका बाजूला चेपलेली, वाकडी.

त्यांनी लगेच फोन लावला. रांजणगावला शिफ्ट चालू असावी, मागून मशीनचा आवाज येत होता.

"अरे, तीन पीस वाकडे आहेत. म्हणजे त्या बाजूला परागीभवन अर्धवट झालं. तुझे ऑपरेटर त्या दिवशी गैरहजर होते का?"

"इचारतो काका त्येंना," पलीकडून उत्तर आलं. "पर खाऊन बगा, गोड हायेत."

काकांनी खाऊन बघितलं. बिया वाटीत मोजून टाकल्या. मग वहीत "डेव्हिएशनवर स्वीकृत" असं लिहून सही केली आणि उरलेले दोन नमुने सील करून ठेवायला पिशवी शोधू लागले. तोवर काकूंनी ते उचलून आत नेले होते. दूध आटायला ठेवलेलंच होतं.

"अहो, ते रिटेन सॅम्पल आहेत!" काका स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले.

"बासुंदी झाली की वाटीत रिटेन करून देते," काकू म्हणाल्या. "किती मिलिलिटर?"